आवडतं काम, वाढलेला पगार : कोकणातले अनुभव

पगार वाढला की कोणालाही बरं वाटतं. पण ज्या कामात जीव रमलाय त्याच कामाचा पगार वाढला की आधी सुटल्यासारखं वाटतं, आनंद मागून येतो. हे काम आता सोडावं लागणार नाही, एवढंच डोक्यात असतं. कोकणात हे जास्त जाणवतं. कमी पगारावर कोणी आवडीचं काम धरून बसलं की घरचे-दारचे सगळे मुंबईचा रस्ता दाखवतात. हल्ली पुण्याचा, नाहीतर गोव्याचा.

माझ्यापासून सुरुवात करते. मी दापोली तालुक्यात आंब्याच्या रोपवाटिकेत आहे, कलमं बांधते. पावसाच्या सुरुवातीला कोयी रुजतात. रोप तांबूस, कोवळं असतं तेवढ्यातच कोय कलम बांधायचं. शेंडा छाटायचा, मधोमध उभा काप द्यायचा, हापूसच्या काडीला खालून पाचर काढून ती त्यात बसवायची आणि प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. सालीला साल भिडली पाहिजे, नाहीतर काडी काळी पडते. पट्टी बांधलेल्या काडीला नवी पालवी आलेली बघितली की आजही मला तेवढंच छान वाटतं.

हंगामात कलमामागे पैसे आणि बाकीचं वर्ष रोजावर, असं माझं चालायचं. मागच्या पावसाळ्यात मालकांनी बारमाही पगारावर घेतलं आणि नव्या बायकांना शिकवायचं काम दिलं, त्याचे वेगळे पैसे लावून. आईला सांगितलं तर ती पहिल्यांदा म्हणाली, "म्हणजे आता श्रावणात उसनं नको." माझा भाऊ वाशी मार्केटात आहे. दर मे महिन्यात येताना माझ्यासाठी तिकडची एखादी नोकरी बघूनच यायचा, आणि घरची ओढाताण तो बघत होता म्हणून मला त्याचा राग कधी आला नाही. यंदा त्याने तो विषय काढला नाही. जाताना दोन कलमं तेवढी मागून घेतली.

तुमचंही सांगा. आकडा सांगितलाच पाहिजे असं नाही, पण पैसे वाढल्यावर घरात आणि कामात नेमकं काय हललं ते जरूर लिहा.

प्राथमिक शिक्षक, राजापूर तालुका

मी मूळचा नांदेड जिल्ह्यातला. शिक्षणसेवक म्हणून इथल्या दोनशिक्षकी शाळेवर आलो तेव्हा मानधन महिना 6,000 होतं, आणि पहिली तीन वर्षं त्यावरच काढायची असा नियम. त्यात खोलीचं भाडं, गॅस, एसटी आणि वर्षातून दोनदा गावी जाणं-येणं. घाटावरचे मास्तर कोकणात टिकत नाहीत, बदली मिळाली की पळतात, असं इथे बोललं जातं. तेवढ्या पैशात टिकायचं कसं, हेही कोणीतरी विचारायला हवं होतं.

शाळेवर मात्र माझं मन पहिल्या पावसातच बसलं. पट लहान, त्यामुळे प्रत्येक मूल कुठे अडतं ते कळतं. पोरांनी मला कुर्ल्या म्हणजे खेकडे पकडायला शिकवलं, मी त्यांना भागाकार शिकवला. खंत एकच होती : नोकरी लागलेल्या मुलाला बाबा सोयाबीन विकून पैसे पाठवत होते. आपला मुलगा जिल्हा परिषदेत मास्तर आहे असं ते गावात सांगायचे, आणि महिनाअखेरीला मीच त्यांना फोन करायचो.

1 जानेवारी 2023 पासून प्राथमिकच्या शिक्षणसेवकांचं मानधन 16,000 झालं . वाढीव पैसे हातात आले त्या दिवशी बाबांना फोन करून सांगितलं की आता पाठवू नका. "खरंच पुरतंय का?" त्यांनी दोनदा विचारलं. खरंच पुरत होतं.

पगार वाढला म्हणून शिकवणं सुधारलं असं मी म्हणणार नाही, शिकवत तसाच होतो. पण पूर्वी शाळा सुटली की दुसरी नोकरी शोधायला म्हणून स्पर्धा परीक्षेची पुस्तकं उघडायचो. ती बंद केली. आता वाचन कच्चं असलेल्या मुलांना घेऊन तासभर बसतो. पुढे कायम झालो, वेतनश्रेणी मिळाली. ती बरीच मोठी वाढ होती, तरी मनात राहिली आहे ती ही आधीचीच.

काजू कारखाना, सावंतवाडी

मी प्रतवारीच्या टेबलावर असते. सोललेला गर समोर येतो. त्यात अख्खा वेगळा, पाकळी वेगळी, तुकडा वेगळा, करपलेला बाजूला. अख्ख्यात पुन्हा 180, 210, 240, 320 असे नंबर. एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा हा आकडा, म्हणून नंबर लहान तेवढा गर मोठा आणि भाव चढा. हात बसला की 210 आणि 240 मधला फरक बोटांनाच कळतो. माझा बसलाय, आणि मला ते काम मनापासून आवडतं.

2023 च्या जानेवारीत गोव्यात मोपाचा विमानतळ चालू झाला, तेव्हापासून आमच्या भागातली बरीच पोरं रोज गोव्यात जातात. माझ्या टेबलावरच्या दोघी गेल्या. मलाही बोलावणं होतं, पगारही चांगला होता. पण पहाटे गाडी पकडायची आणि रात्री परत यायचं, मग लेकीचा अभ्यास कोण घेणार? तरी नवऱ्याचं म्हणणं होतं की जावं. दोघी गेल्यावर कारखान्यात माल तुंबला, मग मालकांनी आम्हा राहिलेल्यांना बोलावून पगार वाढवला. गोव्याएवढा नाही, पण प्रवासाचा खर्च वजा केला तर फरक फारसा राहत नाही. घरी हिशोब मांडून दाखवला. सासूबाई सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "बरा झाला. आता खंय जाव नको, हयच ऱ्हव."

ग्रंथपाल, गुहागर तालुका

माझा आकडा फार लहान आहे, तरी सांगते. आमचं गावातलं वाचनालय 'ड' वर्गाचं, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गाचं. सरकारचं वर्षाचं अनुदान 30,000 होतं, त्यातला अर्धा भाग पगाराचा. 2022 मध्ये अनुदान 60 टक्क्यांनी वाढवायचा निर्णय झाला आणि ते 48,000 झालं. म्हणजे माझ्या वाट्याला महिन्याला सव्वा हजाराचे दोन हजार. तेही हप्त्यांनी येतात.

यात घर चालत नाही हे उघड आहे. घर आमच्या सुपारीच्या बागेवर चालतं. पण संध्याकाळचे ते तीन तास मला इतके प्रिय आहेत की एवढीशी वाढही मोठी वाटली. मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं येतात, सुट्टी संपायच्या आत मालिकेचे सगळे भाग वाचून काढतात. गावातल्या एका आजोबांची नजर गेली आहे, त्यांची नात त्यांच्यासाठी पुस्तकं निवडून नेते आणि वाचून दाखवते. 'दिवे लावायला कशाला जातेस' असं घरी ऐकावं लागायचं, ते वाढीनंतर थांबलं. इतके कमी पैसे देऊन वाचनालयं चालवावीत हे योग्य नाही असं माझं स्पष्ट मत आहे आणि तालुक्याच्या बैठकीत मी ते बोलतेही.

तांडेल (मासेमारी बोटीचा प्रमुख), हर्णै

माझा दर वाढला नाही, महिने वाढले. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत आम्हा बोटीवरच्यांना पगार नसायचा. जूनमध्ये मालकाकडून उचल घ्यायची आणि नारळी पौर्णिमेनंतर बोट बाहेर पडली की ती फेडत बसायची, दिवाळीपर्यंत हातात काही नाही. गेल्या वर्षीपासून मालक बंदीच्या काळातही अर्धा पगार देतात. आम्ही त्या दिवसांत जाळी दुरुस्त करतो, इंजिनाचं काम काढतो. समुद्रावर जाणं मला आवडतं हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, कारण कर्जात असताना ते कोणाला पटत नाही. यंदा पहिल्या फेरीला निघालो तेव्हा डोक्यावर उचल नव्हती.

परिचारिका, खासगी रुग्णालय, कणकवली

वर सगळ्यांना वाढ मिळाली, मी ती मागितली. बाळंतपणाच्या वॉर्डचं काम मला सोडायचं नव्हतं म्हणूनच मागितली. रात्रपाळ्या किती केल्या, नव्या मुलींना कोण शिकवतं, हे सगळं एका कागदावर लिहून नेलं. डॉक्टरांनी दोन दिवस घेतले आणि मान्य केलं. त्याबरोबर आणखी जबाबदारी येणार होती, ती कोणती हे मी त्याच कागदावर लिहून घेतलं. पहिल्या वाढीव पगारात कणकवलीतच खोली बदलली, रुग्णालयाच्या जवळ घेतली, त्यामुळे रात्रपाळी संपल्यावर रिक्षा शोधावी लागत नाही. रजेचं बोलणं अजून बाकी आहे. ते गणपतीच्या आधी करणार आहे.