राणीच्या बागेतला एक दिवस : तुमचे अनुभव सांगा

सुट्टीत आम्ही पाच जण डोंबिवलीहून राणीच्या बागेत जायचं म्हणतोय. मी, नवरा, आठवीतला मुलगा, ४ वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाई लालबागच्या चाळीत वाढल्या. लहानपणी बागेत हत्तीवर बसून फेरी मारली, ते अजून रंगवून सांगतात. गेली दोन वर्षं 'एकदा बाग दाखव गं' म्हणतायत, पण आता गुडघे साथ देत नाहीत. मागे एका दुसऱ्या बागेत 'आलोय तर सगळं बघू' म्हणून आम्ही त्यांना भरभर चालवलं आणि पुढचे चार दिवस त्या पाय शेकत बसल्या. ती चूक मला पुन्हा करायची नाही. म्हातारी माणसं आणि लहान मुलं एकत्र नेली असतील, तर सविस्तर लिहा. दुसऱ्या शहरातलं प्राणिसंग्रहालय असलं तरी चालेल.

ठाण्याची आई

सगळ्यात आधी वार बघा. बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी बंद. हे लक्षात न आल्याने आम्ही एका गुरुवारी दारातून परत आलो. धाकटी ट्रेनमध्ये ठाण्यापर्यंत रडत होती.

भायखळ्याला पूर्वेला उतरा. तिथून चालत दहाएक मिनिटं, पण आजींसाठी टॅक्सीच करा, त्यांचे पाय बागेसाठी राखून ठेवा. सकाळी साडेनऊला दार उघडतं, तेव्हाच हजर राहा. आम्ही गेलो तेव्हा आईवडील आणि दोन लहान मुलं मिळून १०० रुपयांचं कुटुंबाचं तिकीट होतं.

आत शिरल्यावर पहिल्यांदा पेंग्विन. दुपारी तिथली रांग सरता सरत नाही. आमच्या मुलीने पहिला प्रश्न विचारला, 'बर्फ कुठेय?' तयारी करून जा. हे हम्बोल्ट पेंग्विन, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बर्फ लागत नाही, गारवा लागतो. पहिले आठ २०१६ साली दक्षिण कोरियातल्या सोलहून आले. हे कळल्यावर ती काचेपाशी जास्त वेळ रमली.

परळचे आजोबा

माझं वय ७१. ताई, तुमच्या सासूबाईंची बाजू घेऊन लिहितो. आम्हाला सगळे प्राणी बघायचे नसतात. आम्हाला बसायचं असतं आणि नातवंडांना धावताना बघायचं असतं. हे मुलांना सांगायला संकोच वाटतो, म्हणून आम्ही 'चला, चला' म्हणत पाय ओढतो.

ही बाग मुळात झाडांची, १८६० च्या सुमारास उभी राहिलेली. प्राणी नंतर आले. तिथले गोरखचिंचेचे बुंधे बघा, दोघातिघांनी हात पसरले तरी कवेत येत नाहीत. उर्वशीचं झाड आहे, मूळचं ब्रह्मदेशाचं. फुलतं तेव्हा लाल-पिवळ्या फुलांचे घोस झुंबरासारखे लोंबतात. मी नातवाला घेऊन जातो तेव्हा एका झाडाखाली बसतो आणि तो पडलेली पानं, शेंगा गोळा करून आणतो. तास कसा जातो कळत नाही.

आणि काळा घोडा! फोर्टातल्या चौकाला ज्याच्यावरून नाव पडलं तो राजा सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ मध्ये तिथून हलवला. तो आता याच बागेत आहे. शेजारी भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीला बेटावर उतरून पायऱ्या चढणं ज्यांना आता जमत नाही, त्यांना त्याचं दर्शन इथे घडतं. सासूबाईंना हत्तीची एवढी ओढ आहे, तर हा नक्की दाखवा.

नाशिकची आई

माझ्या ९ वर्षांच्या मुलाला गोंगाट सहन होत नाही. कान झाकतो, घामाघूम होतो. म्हणून रविवार टाळला, मंगळवारी सकाळी गेलो आणि घरीच ठरवलं की दोन तुकड्या करायच्या. तो मगरीच्या काचेपाशी रमला. पाण्याखालून मगर दिसते तिथे. तब्बल ४० मिनिटं तिचा पाय कधी हलतो याची वाट बघत होता. एरवी मी 'चल ना' म्हटलं असतं, त्या दिवशी नाही म्हटलं. तोवर नवरा मुलीला वाघ दाखवून आला. ताई, तुम्हीही तसंच करा. आठवीतल्या मुलाला आजीजवळ बसायची पाळी द्या, मग तुम्ही बसा. आजींना एकटं बसवून सगळे पुढे गेलात तर त्यांचं मन लागणार नाही.

मगर हलली तेव्हा तो किंचाळला. आनंदाने. तो आवाज मला जन्मभर पुरेल.

पुण्याचा मुलगा

कात्रजचं लिहितो. राजीव गांधी प्राणिसंग्रहालय १३० एकरांवर पसरलंय. आईला घेऊन पायी सगळं बघू म्हणालात तर शक्यच नाही. आत बॅटरीची गाडी मिळते, तिचं तिकीट आल्याआल्या काढा. आम्ही उशीर केला आणि परतीचा चढ आईला चालावा लागला. ती काही बोलली नाही, पण मला तिच्याकडे बघवेना. हेही बुधवारी बंद. पांढरा वाघ बघताना मुलांना सांगा, ही वेगळी जात नाही, आपलाच वाघ, रंग तेवढा जन्मतः वेगळा.

बेळगावची काकू

म्हैसूरला जाणार असाल तर तिथला बंद वार मंगळवार. १८९२ सालचं जुनं झू, सावली भरपूर. नातवंडांची टोपी घ्यायला विसरू नका, आणि स्वतःचीही.

डोंबिवलीहून पुन्हा मी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, तुमचं लिहिलेलं सासूबाईंना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, 'वाघ राहिला तरी चालेल, मला घोडा बघायचाय. वडिलांबरोबर मी तो फोर्टात बघितला होता.' आम्ही शुक्रवार ठरवलाय. मुख्य दारातून घोड्यापर्यंत किती चालावं लागतं आणि वाटेत बसायला बाक आहेत का, एवढं कुणी सांगेल का?