टॅब्लेट सुरूच होत नाही. आतली रेकॉर्डिंग न गमावता काय करून बघता येईल?

निळी_शाई:
बाबांचा दहा इंची अँड्रॉइड टॅब आहे. त्यांच्या आजारपणात तो बरेच महिने कपाटात पडून होता. आता चार्जिंगला लावला तर काहीच होत नाही. लोगो नाही, बॅटरीचं चित्र नाही, स्क्रीन ठार काळी. त्याच चार्जर-केबलवर माझा फोन व्यवस्थित चार्ज होतो. टॅब पाण्यात पडलेला नाही, आपटलेला नाही, मागची बाजू फुगलेली दिसत नाही.

टॅब गेला तरी चालेल. पण त्यात आजीच्या आवाजातली रेकॉर्डिंग आहेत. बाबांनी तिला बोलतं करून तिच्या लहानपणच्या आठवणी टिपल्या होत्या, आणि आजी आता नाही. मेमरी कार्ड काढून बघितलं, त्यात नुसते फोटो आहेत. म्हणजे रेकॉर्डिंग टॅबच्या आतल्या मेमरीत.

एकाने सांगितलं 'हार्ड रीसेट मार, होईल सुरू'. दुसऱ्याने बॅटरीला बाहेरून करंट द्यायला सांगितलं. डेटा जाईल या धास्तीने मी यातलं काहीच केलेलं नाही. आधी काय करावं आणि कशाला अजिबात हात लावू नये, हे कृपया जाणकारांनी सांगा.

सोल्डरगन:
थांबलात ते फार बरं झालं. बाहेरून करंट द्यायचा विचार पूर्ण सोडून द्या. लिथियमची बॅटरी असं केल्याने पेट घेऊ शकते.

तुमच्या वर्णनावरून पहिला संशय बॅटरी तळाला गेल्याचा. पूर्ण भरलेल्या सेलचा व्होल्टेज साधारण ४.२ असतो. महिनोनमहिने पडून राहिला की तो ३ च्या खाली उतरतो, आणि फारच खाली गेला की बॅटरीतलं संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं. अशा बॅटरीला टॅब एकदम पूर्ण करंट घेऊ देत नाही, आधी अगदी थोडा थोडा देतो. तेवढ्या वेळात स्क्रीनवर चित्र उमटवण्याइतकीही ताकद नसते. बहुतेक लोक पाच-दहा मिनिटं वाट बघतात आणि टॅब मेला असं ठरवून मोकळे होतात.

म्हणून भिंतीतल्या सॉकेटला, शक्यतो टॅबच्याच मूळ चार्जरने लावा. कॉम्प्युटरच्या पोर्टला लावू नका, जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरच मिळतात आणि दहा इंची टॅबला ते फार तोकडे पडतात. दोन-तीन तास तरी राहू द्या, मधे मधे बटण दाबून बघू नका. मात्र टॅब नजरेसमोर ठेवा. गरम लागला किंवा पाठ उचलल्यासारखी वाटली तर ताबडतोब काढा.

पडघम:
चार्जिंगचा पोर्टही टॉर्च मारून बघा. कपाटात पडलेल्या टॅबमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू दाबून बसतात, केबल आत गेल्यासारखी वाटते पण टेकतच नाही. लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा, सुई-पिन नको. आणि दोन्ही टोकं टाइप-सी असलेली केबल वापरत असाल तर एक टोक साधं यूएसबी असलेली लावून बघा. काही स्वस्तातले टॅब सी-टू-सी केबलवर करंट मागतच नाहीत, त्याच केबलवर फोन मात्र मजेत चार्ज होतो.

सोल्डरगन:
हा मुद्दा महत्त्वाचा. आता बटणांबद्दल नीट वाचा, कारण 'रीसेट' हा एकच शब्द लोक दोन वेगळ्या गोष्टींना वापरतात. चार्जिंग झाल्यावर पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र अर्धा मिनिट दाबून धरा. बहुतेक अँड्रॉइड टॅबवर याने नुसता सक्तीचा रीस्टार्ट होतो, डेटाला काही होत नाही. पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण दाबलं तर बऱ्याच टॅबवर रिकव्हरीचा मेनू येतो. त्यात 'वाइप डेटा / फॅक्टरी रीसेट' अशी ओळ असते, ती निवडली की सगळं पुसलं जातं. चुकून त्या मेनूत गेलात तर 'रीबूट सिस्टिम नाऊ' एवढंच निवडा.

निळी_शाई:
खूप आभार. पोर्टमधून खरंच कचरा निघाला. मूळ चार्जर सापडला, त्यावर बराच वेळ ठेवला. स्क्रीन अजून काळीच आहे, पण तुम्ही सांगितल्याप्रमाणे बटणं दाबल्यावर टॅब थरथरला! मग कॉम्प्युटरला जोडला तर जोडल्याचा आवाज आला आणि टॅबचं नावही दिसलं. फोल्डर उघडला तर रिकामा. रेकॉर्डिंग गेली का?

सोल्डरगन:
नाही, घाबरू नका. ही चांगली बातमी आहे. थरथरतो आणि कॉम्प्युटर ओळखतो म्हणजे बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) आणि बॅटरी दोन्ही जिवंत आहेत. फोल्डर रिकामा दिसतो कारण टॅब लॉक आहे. पिन टाकून उघडल्याशिवाय आणि फाइल ट्रान्सफरला परवानगी दिल्याशिवाय तो काहीच दाखवत नाही. बाबांना पिन आठवतोय ना? तो आजच लिहून ठेवा.

आता अंधाऱ्या खोलीत स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. एलसीडी असेल आणि अंधूक अक्षरं दिसली तर फक्त मागचा प्रकाश गेलाय.

निळी_शाई:
दिसतंय! घड्याळाचे आकडे अगदी पुसट दिसतात. बाबांना पिन पाठ आहे. दुकानात एकाने मेमरीची चिप काढून डेटा देतो म्हटलंय, देऊ का?

सोल्डरगन:
मुळीच देऊ नका. अलीकडच्या अँड्रॉइडमध्ये मेमरी एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या सांकेतिक रूपात असते आणि तिची किल्ली त्याच टॅबच्या प्रोसेसरशी बांधलेली असते. चिप वेगळी केली की हाती निव्वळ कचरा येतो, आणि चालू बोर्डही जातो.

टॉर्चच्या उजेडात तुम्हाला स्वतःलाच काम साधता येईल. पिनचे आकडे दिसतील तेवढे बघून टाका, केबल जोडा, वरची पट्टी खाली ओढून 'फाइल ट्रान्सफर' निवडा. एकाने टॉर्च धरावा, दुसऱ्याने बोट चालवावं. सगळ्या फाइल शोधत बसू नका. 'रेकॉर्डिंग्ज', 'साउंड रेकॉर्डर', 'म्युझिक' असे फोल्डर जसेच्या तसे आधी कॉम्प्युटरवर ओढा, मग तिथून पेनड्राइव्हवर.

हे जमलं नाही तरच दुरुस्तीला न्या. आतली डिस्प्लेची पट्टी सैल झाली असेल तर ती नीट बसवून भागतं, नाहीतर नवीन स्क्रीन. पावतीवर 'रीसेट किंवा सॉफ्टवेअर टाकायचं नाही, डेटा हवा आहे' असं लिहून घ्या आणि शक्य असेल तर समोर बसून करून घ्या.

निळी_शाई:
बाबा टॉर्च धरून बसलेत. 'रेकॉर्डिंग्ज' फोल्डर सापडला, कॉपी सुरू आहे. पहिली फाइल उघडून ऐकली, आवाज स्वच्छ आहे. बाकीच्या उतरल्या की स्क्रीनचं बघते.