सांता फेची सरपणवाहू गाढवं: एवढं ओझं सरकत कसं नव्हतं?

प्रश्न: न्यू मेक्सिकोतल्या सांता फेच्या जुन्या छायाचित्रांत गाढवांवर लाकडांचा एवढा ढीग असतो की खाली फक्त कान आणि पाय दिसतात. हे लादत कसे? आणि तिथल्या ‘बरो अ‍ॅली’ या बोळाचं नाव त्यावरूनच पडलं का?

उत्तर १: हो, त्यावरूनच. ‘बरो’ म्हणजे स्पॅनिशमध्ये गाढव. प्लाझाच्या, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाच्या, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को स्ट्रीट आणि पॅलेस अ‍ॅव्हेन्यू यांना जोडणारा हा बोळ. डोंगरातून पिन्यॉन आणि जुनिपर या झाडांचं सरपण घेऊन आलेली गाढवं इथे उभी राहत. शहर २,१०० मीटरांहून जास्त उंचीवर, त्यामुळे हिवाळ्यात सरपणाला मागणी मोठी. मातीच्या घरांत शेकोटी कोपऱ्यात असते आणि तिच्यात लाकडं उभी टेकवून जाळतात, म्हणून आखूड तुकडेच चालतात. गाढवाच्या अंगालगतही आखूड तुकडेच नीट बसतात.

उत्तर २: लादण्याबद्दल. तुकडे पाठीवर आडवे टाकत नाहीत. अंगाच्या लांबीला समांतर लावत दोन्ही बाजू भरतात, मग वरून जोडून कमान करतात आणि दोर आवळतात. दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसेल तर चालता चालता खोगीर एका अंगाला फिरतं. त्यासाठी दोघांनी समोरासमोर उभं राहून एकाच वेळी लादावं. एकट्याने लादायचं तर पहिल्या बाजूला काठीचा टेकू द्यावा लागतो.

गाढवाच्या खांद्यांचा उंचवटा घोड्याइतका नसतो, त्यामुळे उतारावर ओझं मानेकडे घसरतं. दुमची, म्हणजे शेपटीखालून जाऊन खोगीर मागे धरणारा पट्टा, म्हणूनच हवी, आणि ती रुंद हवी. अरुंद पट्टा शेपटीखाली कातडं सोलून काढतो. स्पॅनिश पद्धतीच्या ‘आपारेहो’त, म्हणजे गवत भरलेल्या चामडी गादीत, दुमची मुद्दाम रुंद ठेवत. गवत एका जागी गोळा झालं की तिथेच पाठीला जखम होते, ते रोज चाचपून पाहायला हवं.

प्रश्नकर्ता: गाडी का नाही वापरली?

उत्तर २: गाड्या होत्या, पण डोंगरातल्या अरुंद, चढाच्या वाटांवर चाक चालत नाही. गाढव तिथे सहज जातं आणि रुक्ष चाऱ्यावर भागवतं. १८८० मध्ये रेल्वे आली, तरी ही गाढवं पुढे विसाव्या शतकातही रस्त्यावर दिसत.

एक मात्र सांगायलाच हवं: छायाचित्रातला ढीग प्रमाण मानू नका. आजचा सावध हिशोब जनावराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाचा आहे, म्हणजे १८० किलोच्या गाढवावर खोगिरासकट ३६ किलो. लाकूड ओलं असेल तर तेवढ्याच ढिगाचं वजन कितीतरी वाढतं, म्हणून उंची बघून नव्हे, तोलून लादा.