जुन्या नाण्यांचे फोटो, वजनं, सगळी माहिती लोकांपुढे मोकळी ठेवावी का?

टेकडीवरचा:
मी कोल्हापुरात एका संग्रहालयासाठी जुन्या नाण्यांची डिजिटल नोंद करतो. नाणं ड्रॉवरमधून काढायचं, वजन-व्यास घ्यायचा, दोन्ही बाजूंचे फोटो काढायचे, दोन्ही छाप एकमेकांशी कोणत्या कोनात बसलेत ते बघायचं आणि जुन्या नोंदवहीशी ताडून लिहायचं. परवा एक ज्येष्ठ संग्राहक म्हणाले, "फोटो काढा, पण बाहेर देऊ नका." मला हे अजिबात पटलेलं नाही. शाळेतल्या पोरापासून संशोधकापर्यंत हे सगळ्यांना फुकट दिसलं पाहिजे.

आपल्या भागातल्या, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या कुर राजांचंच बघा. वासिठीपुत विळिवायकुर, माढरीपुत सिवलकुर आणि गोतमीपुत विळिवायकुर. एका बाजूला डोंगर आणि झाड, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. यांच्याबद्दल जे कळतं ते जवळजवळ सगळं नाण्यांवरूनच. आधी कोण, नंतर कोण हे ठरलं, कारण सिवलकुराने पहिल्या विळिवायकुराच्या नाण्यांवर आपला छाप मारला आणि गोतमीपुताने त्या दोघांच्याही नाण्यांवर. खालचा छाप समोरून उजेड टाकला की दिसतच नाही. दिवा एका बाजूला, अगदी खाली धरला की जुन्या धनुष्याची दोरी नव्या अक्षरांखालून वर येते. हा फोटो आमच्याच हार्डडिस्कवर पडून राहिला तर पुण्या-नाशिकच्या अभ्यासकाला त्याचा काय उपयोग?

गुजरीकाठ:
बोलायला सोपं आहे भावा. आमच्या घरात वडिलांपासून नाणी आहेत, बाजार मी बघितलाय. नकली शिवराया (शिवाजी महाराजांनी सुरू केलेली तांब्याची नाणी) किती फिरतात याची तुम्हाला कल्पना असेलच. पूर्वी नकली नाणं करणाऱ्याला हातात अस्सल नाणं लागायचं. तुम्ही त्याला स्वच्छ मोठा फोटो आणि वर बरोबर वजनही देणार. त्याला आणखी काय पाहिजे? आणि नोंदीत गाव-शेत लिहिलंत की रात्री मेटल डिटेक्टर घेऊन माणसं तिथं हजर.

टेकडीवरचा:
नकली करणाऱ्याकडे अस्सल नाणं आधीपासूनच आहे, ते त्याला बाजारातच मिळतं. माहिती नाही ती घेणाऱ्याकडे. एका नाण्यावरून साचा काढून ओतलेल्या नकलांमध्ये तीच चीर, तीच झीज, काठाला तोच टवका जसाच्या तसा उतरतो. अस्सल नाण्याचा फोटो सगळ्यांना बघायला मिळाला तर घेणारा तिथंच पकडेल. त्रिमितीय फाईल मात्र मीही बाहेर देणार नाही. त्यावरून थेट ठसा कोरता येतो.

शाहूपुरी मास्तर:
मी इतिहास शिकवत आलो आहे. माझा विरोध वेगळ्या कारणाने. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा छाप होता. नहपानाचा पाडाव झाल्याचा एवढा ठोस पुरावा दुसरा कुठला? तो कॅमेऱ्याने नाही, माणसाच्या डोळ्यांनी मोजून काढला. पोरांना स्क्रीन दाखवू नका, टाऊन हॉलच्या संग्रहालयात आणा. इथल्याच ब्रह्मपुरी टेकडीच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू तिथं आहेत, पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आहे. ती समोर बघून पोरगं जे प्रश्न विचारतं, ते मोबाइलवर बघून विचारत नाही.

टेकडीवरचा:
सर, पोरांना आणाच. पण जोगळटेंभीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ती नाणी मोजली गेली आणि त्यांचा अभ्यास छापून आला, म्हणून आज तुम्ही ते वर्गात सांगता. मोजून कपाटात ठेवली असती तर?

पंचगंगा घाट:
कपाटाचंच बोला आधी. कुर राजांची नाणी बहुतेक शिशाची. लाकडी कपाटातून, प्लायवूडमधून ॲसेटिक ॲसिडची वाफ सुटते, त्यात शिसं पांढरं पडतं आणि शेवटी त्याची भुकटी होते. पैसे असतील तर पहिल्यांदा कपाटं बदला. नाणंच गेलं तर फोटोची आरती करणार का? दोन पूर या शहराने बघितले, २०१९ चा आणि २०२१ चा. वस्तू वाचवणं हेच पहिलं काम.

टेकडीवरचा:
वस्तू पहिली, हे मलाही मान्य. पण कोणत्या ड्रॉवरमधलं नाणं पांढरं पडतंय हे कळणार कसं? प्रत्येक नाणं बाहेर काढून, आधीचा फोटो शेजारी ठेवूनच ना? वजन दर काही वर्षांनी पुन्हा घेतलं तरी बदल लक्षात येतो. मी तर म्हणतो, कपाटांसाठी पैसे मागायला जाताना या नोंदीच घेऊन जा. "नाणी खराब होतायत" असं नुसतं तोंडाने सांगितलं तर फाईल हलत नाही. आणखी एक कळकळीने सांगतो, घरी नाणी असतील त्यांनी चिंच-लिंबाने घासू नका. वरचा थर निघाला की अक्षरं जातात, आणि मग कुठलाच कॅमेरा ती परत आणू शकत नाही.

गुजरीकाठ:
घासण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण माझ्या शेताच्या मुद्द्याला तुम्ही बगल दिलीत. जमिनीत काही सापडलं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. कळवणाऱ्या शेतकऱ्याच्या मागे उद्या खोदणारे लागले तर पुढच्या वेळी तो कळवेल का? तो गुपचूप वितळवायला देईल.

टेकडीवरचा:
हा मुद्दा खरा आहे. गावाचं आणि तालुक्याचं नाव बाहेर, गट नंबर आणि शेतकऱ्याचं नाव आत, फक्त अर्ज करणाऱ्या अभ्यासकासाठी. एवढं मी आमच्याकडे लिहून देणार आहे. वजन, फोटो आणि छापाची दिशा मात्र लपवायला माझी तयारी नाही.

गुजरीकाठ:
गावाचं नावही नको. तालुका पुरे.