मदत हवी आहे: हिल्समध्ये चवड्याची आग होते, वजन लवकर कसं उतरवू?

आरसपानी
नमस्कार. थेट मुद्द्यावर येतो. मी पुरुष आहे, हिल्स आणि ड्रेस घालतो, घरातही आणि बाहेरही. बरीच वर्षं झाली, घरच्यांना माहीत आहे, तेव्हा त्यावर चर्चा नको. मधल्या काळात वजन वाढलं. आवडत्या ड्रेसची चेन पाठीवर अर्ध्यात अडकते आणि हिल्स घातले की वीस मिनिटांत चवड्याची आग आग होते. पूर्वी असं व्हायचं नाही. सहा आठवड्यांनी एका जवळच्या मैत्रिणीने बोलावलंय. तिथे हाच ड्रेस आणि हेच हिल्स घालून जायचं मनात पक्कं आहे. वजन पटकन उतरवायचा खात्रीचा मार्ग सांगा. घाई आहे.

रोज_पाच_किमी
चाला. रोज पाच किलोमीटर, न चुकता. मी दीड वर्षात ११ किलो उतरवलं, एक दिवस खाडा नाही. बाकी सगळं विसरा.

मोजपट्टी
माहिती फारच कमी दिलीत. उंची, वजन, कंबर? हिल किती सेंमीची, पुढे प्लॅटफॉर्म (चवड्याखालचा जाड तळ) आहे का? टोक निमुळतं की गोल? आणि आग नेमकी कुठे, अंगठ्याखाली, मधल्या बोटांखाली की करंगळीच्या बाजूला?

उपवासी
१६ तास काही खायचं नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचं. मला दुसरं काहीही लागू पडलं नव्हतं. चालून कुणाचं वजन उतरत नाही, चालून फक्त भूक वाढते.

रोज_पाच_किमी
उपवासी, माझं उतरलंय, वर आकडा दिलाय. तुमच्या अनुभवावरून सगळ्यांना एकच नियम लावू नका.

आरसपानी
मोजपट्टी, उंची १७४ सेंमी, वजन ९४ किलो, कंबर १०४ सेंमी. हिल ११ सेंमी. पण मी बुटांबद्दल विचारलेलंच नाही, वजनाबद्दल विचारलंय. वजन उतरलं की पायाचं दुखणं आपोआप थांबेल ना?

जुना_वाचक
थोडं अवांतर. उंच टाच मुळात पुरुषांचीच. इराणी घोडेस्वार रिकिबीत पाय घट्ट राहावा म्हणून टाचेचे बूट घालत आणि तिथूनच ती सतराव्या शतकात युरोपातल्या दरबारी पुरुषांपर्यंत पोचली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं चित्रकार रिगोने १७०१ साली काढलेलं चित्र आहे, त्यात राजाच्या बुटांच्या टाचा लाल आहेत. धागाकर्त्याने मनात काही संकोच ठेवू नये म्हणून लिहिलं.

आरसपानी
संकोच नाहीच. चेन अडकते हा प्रश्न आहे.

सरळमार्गी
राग मानू नका, पण वजन आहे आणि पायही दुखतोय तर हिल्स सोडून द्यावेत. साधे सपाट बूट घाला, दुखणं संपलं.

अस्मि_क
सरळमार्गी, हे त्यांनी विचारलेलं नाही. माझे पाय दुखत होते तेव्हा मलाही दहा जणांनी हेच सांगितलं होतं. जी गोष्ट अंगावर घातली की आपण आपल्याला आवडतो, ती 'सोडून द्या' म्हणणं फार सोपं असतं. मला २२ वर्षं झाली हिल्स घालून आणि माझाही चवडा जळायचा. वजनाने नाही, बुटामुळे. आरसपानी, मोजपट्टींनी विचारलंय त्याचं नीट उत्तर द्या. ते उगाच विचारत नाहीत.

मोजपट्टी
धन्यवाद अस्मि. आरसपानी, आणखी दोन प्रश्न. 'पूर्वी असं व्हायचं नाही' म्हणता, तेव्हा बूट हेच होते का? आणि तुमच्या नेहमीच्या पुरुषांच्या बुटाचा नंबर काय, या हिल्सचा काय?

आरसपानी
नाही, हे तीन महिन्यांपूर्वी घेतले. आधीचे ७ सेंमीचे होते, जाड चौकोनी टाचेचे. ते झिजले. नेहमीचा नंबर युरोपियन ४३. हिल्स ४२, त्यापुढे त्या डिझाइनमध्ये येतच नाहीत. टोक निमुळतं, प्लॅटफॉर्म नाही. आग मधल्या दोन बोटांच्या खाली. कधी कधी तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या येतात. बुटात खडा गेलाय असं वाटतं, काढून बघतो तर काही नसतं.

पायपीट
मी पायांच्या दुखण्यावरच काम करते, म्हणून मध्ये पडते. तिसऱ्या-चौथ्या बोटात मुंग्या आणि नसलेला खडा टोचणं हे लक्षण हलक्यात घेऊ नका. त्या दोन बोटांच्या मधून जाणारी नस (मज्जातंतू) आवळली जाऊन जाड होते, त्याला मॉर्टन्स न्यूरोमा म्हणतात. तोच झालाय असं इथून सांगता येणार नाही, पण निमुळता, अरुंद, उंच बूट हे त्याचं हमखास खतपाणी. ही नस वजन उतरेपर्यंत वाट बघत नाही. हे बूट आजच बाजूला ठेवा. मधुमेह आहे का? असेल तर आधी पायांची तपासणी, मग बाकीचं. आणि सध्या वजनासाठी नेमकं काय करताय तेही लिहा. ते अजून सांगितलेलंच नाही.

उपवासी
वजनावर कुणी बोलायलाच तयार नाही. परत सांगतो, खाण्याची वेळ आवळा.

रोज_पाच_किमी
आणि मी परत सांगतो, चाला.

कॅलरीवाला
तुम्ही दोघं एकच गोष्ट दोन नावांनी सांगताय. शरीर खर्च करतं त्यापेक्षा कमी आत गेलं की वजन उतरतं, मग ते वेळ आवळून होवो की चालून. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. रोज ५०० ची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास. सहा आठवड्यांत ३ किलो, फार जोर लावला तर ५. पहिल्याच आठवड्यात काटा ३ किलो खाली आला तर हुरळून जाऊ नका, त्यात बरंचसं पाणी असतं. शरीरातल्या साठवलेल्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, साखर वापरली गेली की तेही जातं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटाची चरबी जाते हेही खोटं. पुरुषांची चरबी बहुतेक पोटावरच साठते, म्हणून चेन कंबरेलाच अडत असणार.

आरसपानी
मधुमेह नाही, दोन महिन्यांपूर्वीच तपासलंय. काय करतोय ते सांगतो. दिवसातून एकदाच जेवतो, तेही थोडं. आणि संध्याकाळी तासभर भराभर चालतो. हिल्स घालूनच, म्हणजे सवयही होते आणि पोटऱ्यांना जास्त व्यायामही. दोन आठवडे झाले, ९४ वरून अडीच किलो उतरलं.

लिहायचं नव्हतं, पण पायपीट यांनी विचारलंय म्हणून लिहितो. परवा जिना उतरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. कठडा हातात आला म्हणून वाचलो. डावा घोटा थोडा मुरगळला, आता सूज नाही.

पायपीट
लिहिलंत ते फार बरं केलंत. एकदाच जेवणं आणि हिल्स घालून चालणं, दोन्ही आज थांबवा.

हिल्समध्ये टाच वर जाते, शरीराचा भार पुढे चवड्यावर सरकतो आणि घोटा ज्या स्थितीत राहतो त्यात तो लवकर कलंडतो. त्यात उपाशीपोटी चक्कर. जिन्यावर कठडा नसता तर आज आपण वेगळं काहीतरी बोलत असतो. ९४ किलोचा माणूस पडतो तेव्हा मनगटही मोडतं.

पोटऱ्यांच्या व्यायामाचं उलट आहे. टाच सतत वर राहिली की पोटरीचे स्नायू आखूड होतात, टाचेमागची शीर, म्हणजे पोटरीला टाचेशी जोडणारा जाड पट्टा, कडक होते आणि मग सपाट उभं राहिलं तरी ओढ बसते. हिल्स घालणाऱ्याने म्हणूनच रोज पोटरी ताणायला हवी. भिंतीला हात टेकून एक पाय मागे, गुडघा सरळ, टाच जमिनीला, ३० सेकंद, प्रत्येक पायाला तीनदा. मग गुडघा किंचित वाकवून तेच, म्हणजे आतला स्नायूही ताणतो. आठवड्याभराने, घोटा पूर्ण बरा असेल तरच, भिंतीला बोटं टेकून एका पायावर टाच उचलून बघा. धडधाकट पायाला साधारण २५ वेळा जमायला हवं. जमलं नाही तर ११ सेंमीला पेलायची ताकद अजून नाही असं समजा.

चालणं सोडू नका, पण सपाट, रुंद, मऊ बुटांत. पोहता येत असेल तर त्याहून उत्तम.

गुडघेकर
गुडघ्याचंही कुणीतरी बोला. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, उंच टाचांमध्ये गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि वाटीमागे ताण वाढतो असा. तो स्त्रियांवर होता, पण गुडघा हा गुडघाच. दुसरा २००५ चा, वजन जास्त असलेल्या आणि गुडघे झिजलेल्या वयस्क लोकांवरचा: एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. माझे दोन्ही गुडघे गेलेत म्हणून हे आकडे पाठ आहेत. तुमच्या तीन किलोलाही किंमत आहे, एवढंच सांगायचंय.

उपवासी
आरसपानी, मी एकदाच जेवा असं म्हटलं नव्हतं. आठ तासांत पोटभर दोन वेळा जेवायचं असतं. चक्कर येईपर्यंत ताणू नका हो. माझं वाचून आणखी कुणी असं करू नये म्हणून मुद्दाम लिहितोय.

मोजपट्टी
आता बुटाकडे येऊ या. मी बरीच वर्षं पायांची मापं घेऊन बूट बेतायच्या कामात आहे.

सेंमीत मोजलेली उंची एकटी काही सांगत नाही, उतार सांगतो. टाचेपासून चवड्यापर्यंतचं अंतर २४ सेंमीच्या पायात १७ च्या आसपास असतं, तुमच्यात ते १९ च्या पुढे असेल. तीच १० सेंमीची हिल लांब पायाला कमी उभी पडते. म्हणजे उंचीच्या बाबतीत तुम्हाला थोडी सवलतच आहे. पुढे ३ सेंमीचा प्लॅटफॉर्म असेल तर १० ची हिल पायाला ७ सारखीच लागते. तुमचा घोळ रुंदीत आहे. स्त्रियांच्या बुटाचा साचा पुरुषांपेक्षा अरुंद असतो. अमेरिकन मापात पुरुषांची सर्वसाधारण रुंदी डी, स्त्रियांची बी. एक नंबर आखूड, त्यात अरुंद, त्यात निमुळतं टोक.

संध्याकाळी, पाय दिवसभराचा फुगलेला असताना, कोऱ्या कागदावर अनवाणी उभे राहा. बसून नाही, पूर्ण वजन टाकून. दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिल उभी धरून बाह्यरेषा काढायला सांगा. मग हिलचा तळ त्यावर ठेवा आणि इथे लिहा.

कॅलरीवाला
कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा एक साधा मापदंड आहे. तुमची ८७ च्या आत हवी, आज १०४ आहे. हे वर्षभराचं काम आहे. सहा आठवड्यांचं नाही.

धागादोरा
मग ड्रेसचं काय करणार ते कुणीच सांगत नाहीये. मी कपडे शिवते. चेनीच्या दोन्ही बाजूंना आत किती कापड दाबलंय ते उलटून बघा. बहुतेक वेळा दीड-दोन सेंमी तरी असतं. बाजूच्या शिवणींतही असेल तर सगळ्या कडांनी मिळून चार-पाच सेंमी सहज सुटतात. नसेल तर काखेखालून कमरेपर्यंत त्याच रंगाच्या ताणणाऱ्या कापडाच्या पट्ट्या घालता येतात, हात खाली असताना दिसतही नाहीत. पुरुषाच्या अंगाला स्त्रियांचा ड्रेस आधी खांद्यात अडतो, कमरेत नंतर. चेन पाठीच्या वरच्या भागात अडकते की कमरेत? वर अडत असेल तर दहा किलो उतरवूनही ती लागणार नाही, खांद्याचं हाड काही उतरत नाही.

आरसपानी
चेन कमरेच्या चार बोटं वर अडते. आत कापड बघितलं, दोन्ही बाजूंना पावणेदोन सेंमी आहे. हे मला सुचलंच नव्हतं, मनापासून आभार.

बहिणीने पायाची रेषा काढून दिली. त्यावर हिल ठेवली आणि आम्ही दोघं बघतच राहिलो. चवड्याच्या जागी पाय १०.३ सेंमी रुंद आहे, बुटाचा तळ ८.२. करंगळी पूर्ण बाहेर, तिच्या शेजारचं बोट निम्मं बाहेर. बाहेरच्या बाजूला कुरूप झालंय, ते का झालं ते आज कळलं. तीन महिने मी वजनालाच दोष देत होतो आणि दोन आठवडे जेवण तोडत होतो.

अस्मि_क
जेवण सुरू केलंत का? ते आधी सांगा.

आरसपानी
हो. कालपासून तीन वेळा.

कंबरकस
धागा वाचला. पोटाला घट्ट पट्टा बांधून बघितला का? मी रोज सहा तास बांधतो, कंबर बारीक दिसते.

पायपीट
दिसते, होत नाही. पट्टा सोडला की चरबी तिथेच. वर तो बांधून जेवलं की छातीत जळजळ होते आणि पूर्ण श्वास घेता येत नाही. नुकती चक्कर आलेल्या माणसाला हे सुचवू नका, ही विनंती.

आरसपानी
अकरा दिवसांनी लिहितोय. वजन ९१.२. आधी झटपट उतरलेल्यातलं थोडं जेवण सुरू केल्यावर परत आलं होतं, आता सावकाश खाली जातंय. सपाट बुटांत रोज चालतो. एका पायावर टाच उचलणं उजव्या पायाला २१ वेळा जमतं, मुरगळलेल्या डाव्याला १४. ड्रेस सोडवायला दिलाय. ४३ नंबरची, रुंद मापाची, चौकोनी टाचेची ७ सेंमीची जोडी मिळाली, पुढे दोन सेंमीचा प्लॅटफॉर्म आहे. काल घरात चाळीस मिनिटं घातली. आग नाही. उजव्या पायाच्या चौथ्या बोटात मात्र मुंग्या अजून येतात, म्हणून तपासणीची वेळ घेतली आहे.

मोजपट्टी
तपासणी चुकवू नका. बाह्यरेषा दोन्ही पायांची काढली होती की एकाच? बहुतेकांचे दोन पाय सारखे नसतात आणि बूट नेहमी मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा असतो.

आरसपानी
डाव्याचीच काढली होती. आत्ता बहिणीला उठवून उजव्याची काढली. चार मिमी जास्त रुंद आहे.