रोजच्या लांब प्रवासासाठी डिझेल हॉट हॅचबॅक घ्यायची आहे : चालवण्याचा आनंद आणि मायलेज दोन्ही हवे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नवी नोकरी लागल्यापासून माझा रोजचा प्रवास एकदम वाढला आहे. जाण्याचे ५५ आणि येण्याचे ५५ असे दिवसाला ११० किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस. त्यातले ३८ किलोमीटर मोकळा महामार्ग आहे, शेवटचे ५ किलोमीटर शहरातल्या गर्दीचे आहेत आणि या दोहोंच्या मध्ये १२ किलोमीटरांचा वळणावळणांचा चढ आहे. खरे तर त्या बारा किलोमीटरांसाठीच हा धागा काढला आहे. सकाळी साडेसहाला त्या रस्त्यावर वर्दळ नसते, डांबर चांगले आहे, आणि वेगमर्यादा न मोडताही तिथे गाडी चालवण्याचे सुख मिळू शकते. फक्त गाडी तशी, म्हणजे हॉट हॅच (जास्त ताकदीची, चपळ हॅचबॅक) हवी.

सध्याची गाडी लहान पेट्रोल हॅचबॅक आहे. चढावर तिला दुसऱ्या गिअरमध्ये ओरडवत न्यावे लागते आणि एवढे करून सरासरी लिटरला १३ किलोमीटरच मिळते. वर्षाचे २३० कामाचे दिवस धरले तर २५,३०० किलोमीटर होतात, म्हणजे जवळपास १,९५० लिटर पेट्रोल. लिटरला १९ किलोमीटर देणारी डिझेल गाडी तेवढ्याच प्रवासाला सुमारे १,३३० लिटर घेईल. फरक सहाशे लिटरांहून अधिक, म्हणजे ५० लिटरांच्या बारा टाक्या. पेट्रोलवर चालणारी हॉट हॅच घेतली तर मौज भरपूर मिळेल, पण हा हिशेब उलट्या दिशेने जाईल, म्हणून तो विचार मी सोडून दिला आहे.

डिझेलबद्दल माझा एक वाईट अनुभव आहे आणि तो आधीच सांगतो, म्हणजे उत्तर देणाऱ्यांना माझी धास्ती कळेल. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेली एक डिझेल गाडी होती आणि घर ते कार्यालय अंतर जेमतेम ४ किलोमीटर होते. एका रविवारी सहज म्हणून ऑइलची डिपस्टिक काढून पाहिली, तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर चढलेले होते. सर्व्हिसिंगच्या वेळी जास्त ओतले गेले असावे असे आधी वाटले. मग काडी नाकाशी धरली, तेव्हा डिझेलचा स्पष्ट वास आला. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडते, त्यामुळे बाहेर पडणाऱ्या धुराचे तापमान ६०० अंश सेल्सियसच्या आसपास जाते आणि काजळी जळते. पण ही क्रिया पूर्ण होण्याआधीच मी रोज गाडी बंद करत होतो आणि न जळलेले डिझेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरत होते. दोष गाडीचा नव्हता, माझ्या वापराचा होता. आता रोज ३८ किलोमीटर सलग महामार्ग मिळणार असल्यामुळे ती अडचण येऊ नये, असे मला वाटते. हे बरोबर आहे का, एवढे जाणकारांनी पहिल्यांदा सांगावे.

आता आनंदाविषयी. डिझेल इंजिनाकडून ६,५०० आरपीएमपर्यंत (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढणाऱ्या आवाजाची अपेक्षा मी ठेवत नाही. मला हवी आहे ती मधल्या टप्प्यातली ताकद: तीव्र वळणातून बाहेर पडताना तिसरा गिअर, इंजिन १,८०० आरपीएमवर, पाय हलकेच दाबला की गाडीने गिअर न बदलता चढ ओढून न्यावा. त्याच्या जोडीला पुढची चाके काय करत आहेत हे हातांना सांगणारे स्टिअरिंग हवे. डिझेल इंजिन वजनाला जड असल्याने गाडीचे नाक वळणात बाहेर ढकलले जाते असे वाचले आहे. प्रत्यक्षात ते किती जाणवते, हे नेहमी चालवणाऱ्यांकडूनच कळेल.

गाडी सेकंडहँडच घेणार आहे. यादीत सर्वांत वर फोक्सवॅगन गोल्फ जीटीडी आहे, सातव्या पिढीची, म्हणजे २०१३ नंतरची. दोन लिटर टीडीआय (टर्बो डिझेल), १८४ पीएस (अश्वशक्ती), ३८० न्यूटन-मीटर टॉर्क (ओढण्याची ताकद). जीटीडी हे नाव १९८२ पासूनचे आहे आणि त्या पहिल्या गाडीत १.६ लिटर टर्बो डिझेलमधून अवघे ७० पीएस मिळत असत, हे वाचून मला फार आपुलकी वाटली. सहाव्या पिढीची, १७० पीएसची जीटीडी कमी पैशांत मिळते, परंतु तिच्यातले इंजिन ईए१८९ घराण्यातले आहे, म्हणजे २०१५ साली उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीचे जे प्रकरण उघडकीस आले त्याच घराण्यातले, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर बदललेली गाडी घ्यायला माझे मन होत नाही. दुसरा पर्याय २०१५ पासून मिळू लागलेल्या डिझेल फोर्ड फोकस एसटीचा आहे, १८५ पीएस आणि ४०० न्यूटन-मीटर. तिसरा बीएमडब्ल्यू १२०डी, २०१९ पूर्वीची, कारण त्यानंतरच्या पिढीत इंजिनाची ताकद मागच्या चाकांऐवजी पुढच्या चाकांना दिली गेली. प्युजो ३०८ जीटीही पाहिली, पण तिचे छोटे स्टिअरिंग माझ्या बसण्याच्या उंचीला नेमके मीटरच्या आड येते, म्हणून ती बाद केली.

एक नाव मात्र मनातून जात नाही. २००३ साली आलेली स्कोडा फाबिया व्हीआरएस. १.९ लिटरचे पंप-ड्युझे (प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र इंधनपंप असलेले) डिझेल इंजिन, १३० पीएस, ३१० न्यूटन-मीटर, सहा गिअर, आणि हे सारे एवढ्याशा गाडीत. मित्राच्या फाबियात एकदा मागे बसून त्याच घाटवजा रस्त्याने गेलो होतो. टर्बो जागा झाला की पाठ सीटला टेकायची ती पुढच्या वळणालाच सुटायची. परंतु त्या गाड्या आता वयाने फार झाल्या आहेत, आणि जुन्या डिझेल गाड्यांना अनेक शहरांच्या मध्यवर्ती भागात जाऊ दिले जात नाही, त्यामुळे रोजच्या प्रवासासाठी ती घेणे शहाणपणाचे ठरणार नाही, हे मी मान्य करतो.

मायलेजबाबत कंपन्यांच्या आकड्यांवर मी विसंबलेलो नाही. गोल्फ जीटीडीचा अधिकृत आकडा १०० किलोमीटरला ४.२ लिटर होता, म्हणजे लिटरला जवळपास २४ किलोमीटर. पण तो एनईडीसी या जुन्या युरोपीय प्रयोगशाळा-चाचणीचा आकडा आहे, आणि ती चाचणी प्रत्यक्ष रस्त्याच्या मानाने फारच सौम्य होती. म्हणून ज्यांच्याकडे यांपैकी एखादी गाडी आहे त्यांनी टाकी फुल ते टाकी फुल या पद्धतीने काढलेली सरासरी सांगावी, डॅशबोर्डवर दिसणारी नको. सोबत हेही सांगावे की सेकंडहँड डिझेल पाहताना डीपीएफची तब्येत कशी ओळखायची, आणि शहरातल्या त्या शेवटच्या ५ किलोमीटरांसाठी ऑटोमॅटिक घ्यावी की वळणांसाठी मॅन्युअल.

आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असेच आहे. सलग वीस मिनिटे महामार्गाचा वेग मिळत असेल तर डीपीएफ आपले काम निमूटपणे करतो, आणि तुम्हाला तर त्याहून जास्त वेळ मिळतो आहे. एकच काळजी घ्यावी. शहरात पोहोचल्यावर गाडी उभी असतानाचे आरपीएम नेहमीपेक्षा वर राहत असतील आणि पंखा जोरात फिरत असेल, तर डीपीएफची साफसफाई (काजळी जाळणे) चालू आहे असे समजावे आणि जमल्यास पाचसात मिनिटे आणखी चालवून मगच इंजिन बंद करावे. ऑइल डीपीएफसाठी नेमून दिलेले, कमी राख सोडणारेच घालावे. काजळी जळते, राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची साठत जाते.

माझ्याकडे सात वर्षांपासून १८४ पीएसची गोल्फ जीटीडी आहे, मॅन्युअल. टाकी ते टाकी हिशेबाने महामार्गावर लिटरला २० च्या आसपास, मिश्र वापरात १८ आणि थंडीत १७ किलोमीटर मिळते. तुमचा १९ चा अंदाज थोडा उदार आहे, साडेअठरा धरावा.

सेकंडहँड गाडी पाहायला जाल तेव्हा इंजिन थंड असावे, असा आग्रह धरा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी या, असे सांगायला संकोचू नका. मग सायलेन्सरच्या नळीत आतून बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असेल तर बोटाला धूळ लागेल, दाट काळी काजळी लागणार नाही. लागली तर फिल्टर तडकलेला आहे किंवा आतून पोकळ केलेला आहे. जीटीडीच्या दोन्ही नळ्या डाव्या बाजूला असतात, दोन्हींत पाहा. ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारे उपकरण) असेल तर मागच्या सफाईनंतर गाडी किती किलोमीटर चालली तेही दिसते. ही सफाई सर्वसाधारणपणे काही शे किलोमीटरांनी व्हायला हवी; शंभराच्या आतच पुन्हा होत असेल तर त्या गाडीचा नाद सोडावा. ऑइलच्या काडीचा वास घेणे तुम्हाला सांगायला नकोच.

यानंतर ड्युअल मास फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे झटके शोषणारे, क्लचजवळचे जड चाक. क्लच सोडून उभ्या गाडीचा आवाज ऐका, मग क्लच दाबून ऐका, शेवटी इंजिन बंद होतानाचा आवाज ऐका. बंद होताना लोखंडी खडखडाट आला तर किमतीत तेवढी घासाघीस करावी लागेल, कारण हा भाग क्लचसह बदलावा लागतो. टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा रबरी पट्टा) बदलल्याची पावती किलोमीटरांप्रमाणेच वर्षांच्या हिशेबानेही तपासा, कारण रबर उभ्या गाडीतही जुने होते.

प्रतिसाद २

मी १२०डी चालवतो, म्हणून त्या गाडीची बाजू मांडतो. ३८० न्यूटन-मीटर पुढच्या चाकांवर एकदम आले की ओल्या रस्त्यावर वळणातून निघताना स्टिअरिंग हातात ओढ घेते; मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत स्टिअरिंगला फक्त वळवण्याचेच काम उरते आणि ते हाताला फार स्वच्छ जाणवते. तुमच्या बारा किलोमीटरांना हेच हवे आहे. आठ गिअरचा ऑटोमॅटिक इतका समजूतदार आहे की मला मॅन्युअलची आठवण येत नाही. मात्र या इंजिनांची टायमिंग साखळी मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला असते, त्यामुळे तिच्यापर्यंत पोहोचायचे तर मोठी खोलाखोल करावी लागते. थंड इंजिन सुरू करताना त्याच्या मागच्या बाजूने घासल्यासारखा आवाज आला, तर घेऊ नका. २०१५ च्या बदलानंतरची, १९० पीएसची गाडी पाहणे मला अधिक सुरक्षित वाटते.

चाके १८ इंची घेऊ नका, हे तिन्ही गाड्यांना लागू आहे. १७ इंची चाकांवर टायरची भिंत थोडी उंच राहते, खड्डा पाठीपर्यंत पोहोचत नाही, आणि रोज ११० किलोमीटर बसणाऱ्या माणसाला महिन्याभरात त्याचे मोल कळते.

धागाकर्ता

आपल्या दोघांचेही मनापासून आभार. या आठवड्यात तिन्ही गाड्या चालवून आलो. फोकसचे सस्पेन्शन वळणात सर्वांत सजग वाटले, पण महामार्गावरच्या सांध्यांवर ती सतत उडत होती, आणि माझ्या रोजच्या प्रवासाचा मोठा भाग महामार्गच आहे. १२०डीचे स्टिअरिंग प्रतिसादात लिहिले आहे तसेच निघाले, अगदी स्वच्छ. तरीही मागे माझ्या वाढत्या वयाच्या दोन मुलांचे गुडघे पुढच्या सीटला टेकत होते आणि शनिवार-रविवारी तीच गाडी घरासाठीही वापरायची आहे, तेव्हा नाइलाजाने तिला नाही म्हटले.

राहिली जीटीडी. पहिल्या गाडीचा बॉनेट मी पोहोचण्याआधीच गरम होता आणि नळीत फिरवलेले बोट पहिल्या पेरापर्यंत काळे झाले, तिथूनच परतलो. दुसरी २०१६ ची, मॅन्युअल, १७ इंची चाकांची आहे. इंजिन थंड होते, बोटाला राखाडी धूळ लागली, काडीला डिझेलचा वास नव्हता, बंद होताना खडखड नव्हती. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये १,८०० आरपीएमवरून ती मला हवी होती तशी ओढत गेली, आणि नाकाचे वजन फक्त एका उताराच्या वळणात, ब्रेक उशिरा सोडल्यावर जाणवले. टायमिंग बेल्टची पावती मात्र मालकाला सापडलेली नाही. ती मिळाली नाही तर बेल्ट आणि वॉटर पंप दोन्ही बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करण्याची अट मी घातली आहे, आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहतो आहे.