नाथ पै गेल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं काय केलं?

कुडाळकर_ठाणे
जानेवारी आला की आमच्या नातेवाईकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बॅ. नाथ पैंचा तोच एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो फिरतो, खाली "विनम्र अभिवादन", दहाबारा हात जोडलेले इमोजी, की झालं, पुढच्या वर्षापर्यंत कुणी नाव काढत नाही. मला हे खूप लागतं. आमचे आजोबा प्रजा समाजवादी पक्षाचे, म्हणजे पीएसपीचे साधे कार्यकर्ते, भिंतीवर झोपडी रंगवणारे, कधी कुठल्या पदावर नव्हते. पण शेवटपर्यंत सांगायचे, "नाथ गेलो तेव्हा घरातलोच कोण गेल्यासारख्या झाला". १९५७, ६२, ६७ असा तीनदा राजापूरचा खासदार, आणि ७१ मध्ये गेले तेव्हा वय फक्त ४८!! आता चिपी विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं तेव्हा भाच्याने विचारलं हे कोण, तर घरातले सगळे म्हणाले मोठे वक्ते होते. वक्ते होते हे खरंच, पण भाषण हवेत विरतं, त्या पोराला त्यातून काय कळणार. मला जाणून घ्यायचंय की असा माणूस मध्येच गेल्यावर बरोबरच्या लोकांनी काय केलं, त्याचं अर्धं राहिलेलं काम कुणी उचललं का. ज्यांनी तो काळ पाहिलाय किंवा घरात ऐकलाय त्यांनी प्लीज लिहा, मोठं लिहिलं तरी चालेल.

शहापूरचा
बेळगावातून लिहितोय. आधी एक गोष्ट, जी कोकणाबाहेर फारशी कुणाला माहीत नसते. नाथ पै जन्माने वेंगुर्ल्याचे पण शिकले वाढले बेळगावात, ४२ च्या चळवळीत तुरुंगात गेले ते इथूनच. १७ जानेवारी हा आमच्याकडे हुतात्मा दिन. १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून काढून म्हैसूर राज्यात घालायचं ठरलं, त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसं मेली, तो दिवस. आजही हुतात्मा चौकात त्या दिवशी सकाळी लोक जमतात. १९७१ च्या हुतात्मा दिनाला नाथ पै सभेसाठी बेळगावात आले, हृदयाचं दुखणं आधीपासून होतंच तरी आले, भाषण केलं आणि त्याच रात्री उत्तररात्री गेले. माझे वडील त्या सभेला होते. ते सांगायचे, घरी येऊन जेवताना सगळे त्या भाषणाबद्दलच बोलत होते आणि सकाळी दूधवाला बातमी घेऊन आला, तर आईने त्यालाच झापलं की काहीतरी अभद्र बोलू नकोस म्हणून, कुणाचा विश्वासच बसेना. आजही आमच्याकडे नाथ पै सर्कल आहे, रिक्षावाल्याला नुसतं नाथ पै म्हटलं तरी बरोबर सोडतो. बेळगाव महाराष्ट्रात यावं हा सीमाप्रश्न मात्र जिथे होता तिथेच आहे, ते काम काही कुणाला पुरं करता आलं नाही, हे लिहिताना वाईट वाटतं पण खरं तेच लिहिलं पाहिजे.

जुना_सेवादलवाला
तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे मधू दंडवते. वय झालंय, टायपिंग हळू आहे, सांभाळून घ्या.
परिस्थिती काय होती बघा. जानेवारीत नाथ गेले आणि मार्चमध्ये लोकसभा निवडणूक, तीही मुदतीच्या वर्षभर आधी. इंदिराबाईंची लाट, गरिबी हटाव, ३५२ जागा त्यांच्या आल्या. आमची पीएसपी ६७ ला १३ जागांवर होती ती दोनवर आली, देशभरात मिळून दोन!! आणि त्या दोनातली एक राजापूर. उमेदवार कोण, तर नगरला जन्मलेला, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजात फिजिक्स शिकवणारा प्राध्यापक, जेमतेम वर्षभर आधी विधान परिषदेत गेलेला. कोकणात ना नातंगोतं ना घर. गोवा सत्याग्रहात ५५ ला तुकडी घेऊन गेले होते तेवढी काय ती या बाजूची ओळख. आम्ही पोरं सायकलवरून हिंडायचो, एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायला साकव, होडी, पायवाट, आणि प्रत्येक घरात आधी रडारड व्हायची, प्रचाराचं बोलणं नंतर. बायामाणसं विचारायची हे नाथचे कोण, आम्ही म्हणायचो नाथचे सोबती. त्यावर मत मिळालं, मी छातीठोक सांगतो.
पण सहानुभूतीवर एकदाच निवडून येतो माणूस. दंडवते ७१, ७७, ८०, ८४, ८९ असे पाच वेळा निवडून आले, ८४ ला तर इंदिराजींच्या हत्येनंतरची लाट होती, त्यातही. कारण नाथ पै लोकसभेत कोकण रेल्वेसाठी जे भांडत होते ते यांनी सोडलं नाही. ७७ ला स्वतः रेल्वेमंत्री झाले, ७४ च्या संपात काढून टाकलेल्या कामगारांना परत घेतलं, सेकंड क्लासच्या लाकडी बाकावर फोम आणला. ८९ ला अर्थमंत्री, तिकडे जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, आणि १९९० ला कोकण रेल्वे कॉर्पोरेशन झालं. पैसा नाही हे कारण वर्षानुवर्षं ऐकलं होतं, मग रेल्वे ५१ टक्के, महाराष्ट्र २२, कर्नाटक १५, गोवा आणि केरळ सहा सहा असा वाटा घालून आणि बाकी रोखे काढून पैसा उभा केला. २६ जानेवारी १९९८ पासून अख्खी लाइन सुरू. नाथना जाऊन २७ वर्षं झाली होती. आणि हो, दंडवते ९१ ला पडले, काम चालू असतानाच लोकांनी पाडलं. ते मला अजून सहन होत नाही.

रत्नांग्री_हापूस
वरच्या काकांना नमस्कार, प्रतिसाद आवडला पण एक जोडतो. कोकण रेल्वे म्हटली की आपण दोनतीन खासदार-मंत्र्यांची नावं घेतो. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेच्या मागणीपायी आयुष्य घातलं, नकाशे निवेदनं घेऊन दारोदार फिरले, त्यांचं नाव किती जणांना माहितेय? आणि बांधली श्रीधरन यांच्या टीमने, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा भाषणांनी नाही खणला. यात नाथ पैंचा मान कमी होत नाही, उलट असं काम एकट्याचं नसतं हे त्यांनाच जास्त पटलं असतं असं मला वाटतं.

जुना_सेवादलवाला
अगदी बरोबर. वालावलकरांचं नाव राहायला नको होतं, बरं झालं लिहिलंत.

सनद_कोल्हापूर
रेल्वेबद्दल सगळे बोलतात म्हणून मी दुसऱ्या कामाबद्दल लिहिते. वकिली करते आणि घटना शिकताना हे नाव आम्हाला भेटतं ते वेगळ्याच ठिकाणी. फेब्रुवारी १९६७ ला गोलकनाथ खटल्यात सुप्रीम कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्कांना संसद हात लावू शकत नाही. त्यावेळी मालमत्ता हासुद्धा मूलभूत हक्क होता, म्हणजे जमीन सुधारणेचे कायदे अडकणार. त्यावर संसदेचा दुरुस्तीचा अधिकार परत आणायला विधेयक मांडलं ते सरकारने नाही, विरोधी बाकावरच्या नाथ पैंनी, खासगी विधेयक म्हणून! एका लहान पक्षाच्या खासदाराच्या विधेयकावर अख्ख्या देशातले कायदेपंडित बोलत होते. त्यांच्या हयातीत ते पास झालं नाही. ते गेल्यावर काही महिन्यांनी, ७१ सालीच, सरकारने २४ वी घटनादुरुस्ती आणली, ती जवळपास तेच म्हणणारी.
आता माझं मत, पटलं नाही तर सांगा. हाच अधिकार पुढे आणीबाणीत कसा वापरला गेला ते आपण बघितलं, आणि स्वतः दंडवते त्या काळात बंगळूरच्या जेलमध्ये होते. म्हणून काही लोक म्हणतात नाथ पै चुकले. मला तसं वाटत नाही. लोकांनी निवडलेल्या सभागृहावर त्यांचा विश्वास होता आणि डोळ्यासमोर कूळ, शेतमजूर होते. पण ७३ च्या केशवानंद भारती निकालात कोर्टाने मूलभूत चौकटीची मर्यादा घातली, म्हणजे दुरुस्ती करा पण घटनेचा गाभा बदलता येणार नाही, ती गरजेचीच होती. आणि बघा, मालमत्ता मूलभूत हक्कांतून काढली ती ७८ ला, जनता सरकारने, दंडवते मंत्रिमंडळात असताना. हे नाथ पै असते तर ५५ वर्षांचे असते, ते त्या सरकारात कुठे असते हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

कुडाळकर_ठाणे
काय बोलू, डोळे भरून आले. सगळ्यांचे मनापासून आभार. सनदताई, त्या विधेयकावरची मूळ भाषणं कुठे वाचायला मिळतील का? आणि आजोबांच्या ट्रंकेत पक्षाच्या पावत्या, पत्रकं, दोनचार सभांच्या जाहिराती आहेत, वाळवी लागायच्या आत कुठेतरी नीट जागी द्यायच्यात.

सनद_कोल्हापूर
लोकसभेच्या जुन्या चर्चा संसदेच्या डिजिटल लायब्ररीत फुकट आहेत, नाव आणि साल टाकून शोधा, स्कॅन थोडे अंधुक आहेत पण वाचता येतात. ६७ आणि ६८ पासून सुरुवात करा.

जुना_सेवादलवाला
कागद देण्यासाठी आधी मालवणला बॅ. नाथ पै सेवांगणात विचारा. पण देण्याआधी प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढा, पावतीच्या मागे लोक पेन्सिलीने गावाचं नाव आणि किती वर्गणी ते लिहायचे, ते पुसट झालेलं असेल. आणि जमलं तर ते फोटो इथे टाका, गावांची नावं मी ओळखेन.